बुडतं की तरंगतं

माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे ह्यांच्या सख्ख्या मामांनी, आयुष्यात कुठलीही वस्तू पाण्यात टाकून बघितल्याशिवाय खरी मानलेली नाही. लोक वस्तू हातात घेऊन बघतात, वास घेतात, टिचकी मारतात, फार तर दुकानदाराला दोनदा भाव विचारतात. मामा पाणी मागतात. लिंबू आणलं, टाक पाण्यात. साबण आणला, टाक पाण्यात. मुलाने वाढदिवसाला हौसेने दिलेलं घड्याळ त्यांनी आधी तांब्यात सोडलं, ते तळाशी जाऊन टिकटिकत राहिलेलं सगळ्यांना वाकून बघायला लावलं, आणि मग मुलाला म्हणाले, "छान आहे हो." बुडतं की तरंगतं एवढं कळलं की त्या वस्तूबद्दल निम्मं कळलं, असं त्यांचं ठाम मत. उरलेलं निम्मं काय, हे विचारायची आमची कधी छाती झाली नाही, कारण उत्तराची सुरुवात "एक बादली आण बघू" अशी झाली असती आणि बादली कुणी आणायची ते मला पक्कं ठाऊक होतं.

ह्या वेडाला नोकरी जबाबदार होती म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. मामा बडोद्याच्या मकरपुऱ्यात एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. तिथे त्यांचं काम एकच. टाकीतून आलेला नमुना उंच काचेच्या भांड्यात ओतायचा, त्यात एक काचेची नळी अलगद सोडायची, आणि ती किती बुडते ते बघून द्रव किती दाट आहे ते सांगायचं. पातळ द्रवात नळी खोल जाते, दाट द्रवात वर राहते. असं काम तिथे बाकीचेही करत होते की. ते संध्याकाळी कंपनीच्या बसमधून घरी यायचे आणि माणसासारखे चहा प्यायचे. मामा मात्र चहातसुद्धा बिस्किट बुडायला किती वेळ घेतं ते बघत बसायचे आणि मग चमच्याने खायचे. आमच्या सासूबाई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, म्हणायच्या, "हा लहानपणापासून असाच. ह्याला आंघोळीला बसवलं की घरातल्या वाट्या नाहीशा व्हायच्या."

बाजारात तर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. स्कूटरच्या हुकाला एक झाकणाचा डबा लटकवलेला असायचा आणि त्यात पाणी. केसर आंब्याच्या दिवसांत मामा गाडीवाल्यासमोर डबा ठेवायचे आणि एकेक आंबा त्यात सोडायचे. तरंगला तो परत, बुडाला तो पिशवीत. तयार फळ रसाने भरतं म्हणून बुडतं, असं ते गाडीवाल्याला मराठी-गुजराती एकत्र कालवून समजावून सांगायचे. मागे गिऱ्हाइकांची रांग लागायची. एकदा तो गाडीवाला हात जोडून म्हणाला, "काका, केरी खावानी छे के तराववानी?" म्हणजे आंबा खायचाय की पोहायला लावायचाय? मी दुसरीकडे बघून आपण ह्यांच्या कुणी नाहीच असा चेहरा केला. पण खोटं कशाला बोलू, मामांनी निवडलेला आंबा कधी आंबट निघाला नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो खारातल्या कैऱ्यांचा. सासूबाई दरवर्षी बरण्या भरून कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरवायच्या. मीठ डोळ्यांच्या अंदाजाने. मामांना अंदाज हा शब्दच सोसत नाही. त्यांनी कुठूनसं ठरवलं की खार पुरेसा झाला की त्यात अंडं तरंगतं, सबब अंडं टाकून बघावं. आणि खिशातून अंडं काढलं. त्या स्वयंपाकघरात तोवर अंड्याचं नावसुद्धा कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ते ओट्यावर ठेवलंस तर कैऱ्यांबरोबर तुलाही मुरत घालीन." मामांनी अंडं खिशात घातलं आणि बटाटा काढला. बटाटा साध्या पाण्यात बुडतो, चांगल्या खारट पाण्यात वर येतो. तो आला वर. सासूबाईंनाही कौतुक वाटलं, आणि त्याच भरात त्यांनी ही गंमत समोरच्या जैन बेनना सांगितली. त्या बेन दरवर्षी आमच्याकडून एक बरणी न्यायच्या आणि कंदमुळाला शिवायच्या नाहीत. त्यांनी बरणी उचललेली होती, ती हळूच खाली ठेवली आणि अतिशय दुःखाने म्हणाल्या, "मासी, एमां तो बटाको नाह्यो छे." झालं. बटाट्याने आंघोळ केलेला तो सगळा खार ओतून द्यावा लागला. सासूबाई भावाशी बोलेनात. तेव्हा मामांनी जुन्या बॉलपेनची नळी घेतली, तळाला छर्रे भरून मेणाने तोंड बंद केलं, मधोमध एक लाल रेघ ओढली आणि ती बहिणीसमोर ठेवली. "रेघ पाण्याच्या वर आली की मीठ पुरे. ही नळी शुद्ध शाकाहारी आहे." सासूबाई हसल्या नाहीत, पण पुढे शेवटपर्यंत त्या नळीशिवाय त्यांनी खार केला नाही.

माणसंही ते ह्याच मापाने मोजायचे. अलकापुरीत मोठं ऑफिस असलेले आमचे एक नातेवाईक कुठल्याही समारंभात पुढच्या रांगेत दिसायचे. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "पोकळ आहे, म्हणून वर दिसतो." मी फिसकन हसले आणि सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की घास अडकला. लगेच पुढे मामांचा उपदेश, "लोखंडाचं जहाज तरंगतं ते पोटात मोकळी जागा असते म्हणून. माणसानेही पोटात थोडी जागा मोकळी ठेवावी." एवढं बोलून त्यांनी श्रीखंड तिसऱ्यांदा घेतलं. आणि गंमत अशी की ह्या एवढ्या तरंगण्याच्या पंडिताला स्वतःला तरंगता येत नव्हतं. माणूस सुतळीसारखा. तरुणपणी एकदा मित्रांबरोबर तलावात उतरले ते सरळ तळाला टेकले, मित्रांनी वर ओढून काढलं. त्यानंतर पाण्यात पाय नाही. "माझ्यात हाडंच फार आणि चरबी नाही, पाण्याची ह्यात काही चूक नाही," असं ते पाण्याच्या बाजूने बोलायचे.

मी ह्या घरात कराडहून आले. बडोद्यात मराठी माणसं पिढ्यान्पिढ्या असतात हे ऐकून होते, पण घरातले सगळे मध्येच गुजरातीत शिरायचे आणि मी आपली मान डोलवत बसायची. लग्नानंतर परातीत हळदीकुंकवाचं पाणी करून त्यात अंगठी टाकतात आणि नवरा-नवरीने ती शोधायची असते. सगळं सासर ह्यांच्या बाजूने ओरडत होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सूनबाई, सोनं आहे, मध्ये कुठे रेंगाळायचं नाही. वरवर चाचपू नकोस, हात थेट तळाला घाल." मी घातला आणि अंगठी मिळाली. मुलाच्या मामाने मुलीला फितूर व्हावं, ह्यावरून पुढे बरीच बोलाबोली झाली. मला मात्र त्या परक्या घरात आपलं एक माणूस आहे हे तेव्हा कळलं.

किती आपलं, ते कळायला माझा पाय मोडावा लागला. शाळेतून येताना ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड गेलं. आत सळी घातली, महिनोन्महिने खाट, मग वॉकर. शेवटी डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं की हाड जुळलंय, आता पायावर भार द्या. दिला नाहीत तर पाय सुकेल आणि वॉकर जन्माचा सोबती होईल. सांगायला काय जातं. पाय टेकला की मला ते हाड मोडल्याचा आवाज पुन्हा ऐकू यायचा, दरदरून घाम सुटायचा आणि मी मटकन खाली बसायची. ह्यांनी समजावलं, मग रागावले, मग गप्प झाले. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. पहिलीची पोरं बसून शिकवता येत नाहीत, ती आपल्याला बसूच देत नाहीत. शाळेच्या मोठ्या बेनचा, म्हणजे मुख्याध्यापिकेचा, फोन आला, फार गोड आवाजात, "बेन, जूनमां आवशो ने?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवून रडले. जूनपर्यंत मी माझ्या पायांवर उभी राहणार की घरी बसणार, एवढा एकच प्रश्न त्या उन्हाळ्यात आमच्या घरात होता, आणि तो कुणी तोंडाने बोलत नव्हतं.

मामा छाणीहून, म्हणजे शहराच्या पार टोकाच्या त्यांच्या घरून, भेटायला आले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि मला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं की जणू मी केसर आंबा. मग म्हणाले, "सूनबाई, तू तरंगण्यासाठीच घडली आहेस." माझ्या अंगकाठीबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही, तसा अलिखित नियमच आहे. मामांना नियमाची काय पर्वा. "चरबी पाण्याहून हलकी असते. देवाने ती तुला दिली, मला दिली नाही. गळ्याएवढ्या पाण्यात तुझं वजन उरेल एका कलिंगडाएवढं. कलिंगडाचा भार त्या पायाला सोसेल की नाही?" मग त्यांनी सगळा बेतच मांडला. आधी गळ्याएवढ्या पाण्यात चालायचं. मग छातीएवढ्या, मग कमरेएवढ्या. पाणी जसं उतरेल तसं वजन आपलं आपल्याकडे परत येईल, पण थोडं थोडं, पायाच्या नकळत. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मी हेच सुचवणार होतो, फक्त तुम्ही घाबराल असं वाटलं. घाबरलेच होते. मी जन्मात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नव्हते.

महापालिकेच्या तरणतलावात बायकांची वेळ भर दुपारची. पुरुषांना फाटकाच्या आत प्रवेश नाही. आता माझे गुरुजी पुरुष. बेतात एवढी एक अडचण राहून गेली होती, ती फाटकाशी पोचल्यावर उघडकीला आली. शिकवणाऱ्या बेन चांगल्या होत्या, पण त्यांच्यापुढे पन्नास बायका. मामांनी वाद घातला नाही. समोरच्या चहाच्या टपरीवरून एक लाकडी खोकं मागून आणलं, आवाराच्या भिंतीला लावलं आणि त्यावर चढून उभे राहिले. चढले तर डोकं भिंतीच्या वर जातं, आणि आत बायका. म्हणून तोंड रस्त्याकडे, पाठ तलावाकडे. आणि तसेच, रस्त्यावरच्या रहदारीकडे बघत, ते मला पोहण्याच्या तलावात चालायला शिकवू लागले. पहारेकरी आला आणि म्हणाला, "काका, अहीं उभा न रहो." मामा म्हणाले, "भाई, मी कुठे बघतोय? तूच बघ, मी कुणीकडे बघतोय." त्याने बघितलं. मामा खरंच एका म्हशीकडे बघत होते.

पहिल्या दिवशी मी कडेचा दांडा दोन्ही हातांनी धरला तो सोडेचना. दोन बायकांनी मला पायऱ्यांवरून उतरवलं होतं. पाणी गळ्याशी आलं आणि माझं सगळं अवसान गळालं. मी रडत ओरडले, "मामा, मला घरी जायचंय." भिंतीवरचं ते पांढरं डोकं हललंही नाही. मग आवाज आला, नेहमीपेक्षा हळू, पण सगळ्या तलावाला ऐकू जाईल असा. "सूनबाई, नीट ऐक. पाण्याला एवढंच एक काम येतं. तू जेवढं पाणी बाजूला सारशील, तेवढ्या पाण्याच्या वजनाने ते तुला वर ढकलणार. तुझ्यावर उपकार म्हणून नाही, माया म्हणूनही नाही. त्याला दुसरं काही करताच येत नाही. तू पाय टेक." मी टेकला. आवाज आला नाही. हाडाचा आवाज, म्हणजे. पाय तळाला लागला आणि त्याच्यावर मी होते, पण कलिंगडाएवढीच. मी दांडा एका हाताने सोडला. त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पडायला वाकले असते तर बुडाले असते.

पुढचे आठवडे सगळ्या बडोद्याने बघितले असतील. छाणी ते तलाव, भर उन्हात, स्कूटरवरून, डोक्याला ओला रुमाल. चहावाल्याने खोकं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. मामा रस्त्याला सूचना द्यायचे आणि मी आत पाळायची. हळूहळू बाकीच्या बायकाही पाळायला लागल्या. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर. शिकवणाऱ्या बेन पलीकडे मुलींना हातपाय मारायला शिकवायच्या आणि अलीकडे बायकांचा एक घोळका भिंतीच्या तालावर चालायचा. मामांना चहा प्यायला उशीर झाला की कुणीतरी हाक मारायचं, "काका, हवे शुं करवानुं?" आता काय करायचं? काका घोट गिळून म्हणायचे, "छाती भरून श्वास घ्या, अर्धं वजन तिथेच गेलं." गळ्याकडून मी छातीएवढ्या पाण्यात आले, तिथून कमरेला. पाय जड व्हायला लागला. एकदा मी कुरकुरले की आज फार भार येतोय. पलीकडून उत्तर आलं, "येणारच. तुझाच आहे."

मे संपता संपता मी छोट्या मुलांच्या उथळ तलावात चालत होते, पाणी गुडघ्याला. त्या दिवशी मामा रस्त्याला सांगत होते, "आता दहा पावलं जा, वळ, घाई नको." मी दहा पावलं गेले आणि वळले नाही. समोर कठडा होता, तीन पायऱ्या होत्या. मी त्या चढले. बेननी हात पुढे केला, मी नको म्हटलं. अंगावर टॉवेल घेतला, फाटकातून बाहेर पडले, भिंतीच्या कडेने चालत खोक्यापाशी येऊन उभी राहिले. पहारेकऱ्याने तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं होतं. मामा दुसऱ्या बाजूच्या रहदारीकडे बघत म्हणत होते, "वळलीस का?" मी म्हटलं, "मामा." ते वळले. आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे, मग माझ्या मागे वॉकर आहे का ते बघितलं.

"वजन किती वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"दुखतंय?"

"दुखतंय थोडं."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि खोक्यावरून उतरताना त्यांना चष्मा काढावा लागला. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. मामा त्याला सांगत राहिले, "आ मारा भाणानी वहु छे," माझ्या भाच्याची बायको आहे, जसं काही हे त्याला एवढ्या दिवसांत कळलंच नव्हतं. जूनमध्ये मी शाळेत गेले आणि पहिलीच्या पोरांनी मला पहिल्याच तासाला पळवलं.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मामा थकलेत. गेल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यातल्या गोष्टी एकेक करून निसटायला लागल्या. आधी रस्ते गेले, मग माणसांची नावं, मग सासूबाई गेल्याचंही त्यांना आठवेना. स्कूटर मुलाने काढून टाकली. मी दर रविवारी छाणीला जाते. हे विसरणं सुरू झाल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा ते अंगणात खुर्चीवर बसले होते. मला बघून घाबरेघुबरे झाले आणि म्हणाले, "अगं, वॉकर कुठाय तुझा? पडशील." मी समजावत बसले, की मामा, मी केव्हाच बरी झाले, तुम्हीच तर मला चालवलंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. आपण केलेलं एवढं मोठं काम आपल्याला आठवू नये, हे त्यांना फार लागलं. घरी येऊन मी ह्यांच्याजवळ रडले, पाय मोडला तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते.

आता मी समजावत नाही. रिक्षा फाटकाबाहेरच सोडते. त्यांची सून त्यांना अंगणात बसवून ठेवते. मी फाटक उघडते आणि तिथेच क्षणभर थांबते, म्हणजे त्यांची नजर माझ्या पायांवर येते. मग हळूहळू, एकेक पाऊल टाकत, मोकळ्या हातांनी त्यांच्यापर्यंत चालत जाते. ते खुर्चीचे हात घट्ट धरून बघत राहतात. मी पोचले की माझा हात धरून घरातल्या सुनेला हाक मारतात, "अगं बाहेर ये, बघ, सूनबाई चालली." त्यांना वाटतं, हे आज झालं. मीही मग तसंच म्हणते की हो मामा, आजच, तुमच्यामुळे. आणि त्यात खोटं काही नाही. दर रविवारी मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच चालते.